लिव्हिंगस्टनचा पूल: धबधबा पाहून लगेच परत फिरू नका

रानजाई

झांबियात फिरायला येणारी आपली बहुतेक मंडळी लिव्हिंगस्टनला उतरतात, व्हिक्टोरिया धबधबा पाहतात, चिंब भिजतात आणि संध्याकाळच्या बोटीसाठी घाईघाईने निघतात. धबधब्याखालच्या घळीवर उभा असलेला झांबेझी नदीवरचा जुना पूल त्यांच्या लेखी झिम्बाब्वेत जायचा रस्ता, फार तर फोटोत मागे दिसणारी कमान. मी झांबियाची राजधानी लुसाकात राहते, पाहुण्यांना घेऊन तिकडे जाणं होतं, आणि दर वेळी वाटतं की या पुलाला निदान अर्धा दिवस द्यायलाच हवा. म्हणून हा धागा.

आधी जायचं कसं ते सांगते. लिव्हिंगस्टन गावातून मोसी-ओआ-टुन्या रस्त्याने साधारण दहा किलोमीटर दक्षिणेला गेलं की धबधब्याचं फाटक लागतं आणि लगेच पुढे झांबियाची सीमाचौकी. चौकीच्या पुढे पूल, पुलापलीकडे झिम्बाब्वेची चौकी आणि मग व्हिक्टोरिया फॉल्स नावाचंच गाव. फक्त पुलापर्यंत जायचं असेल तर इमिग्रेशनच्या खिडकीवर तसं सांगायचं. पासपोर्ट पाहून शिक्का मारलेली एक चिठ्ठी देतात. ती जपून ठेवायची आणि परतताना दाखवायची. देश सोडल्याचा शिक्का पडत नाही, त्यामुळे व्हिसाला धक्का लागत नाही. पुलावर फिरायला याहून जास्त काही लागत नाही, हेच अनेकांना माहीत नसतं.

पूल १९८ मीटर लांब आहे, मधली पोलादी कमान सुमारे १५६ मीटरची, आणि पाणी १२८ मीटर खाली. मध्यावर कठड्याला टेकून खाली पाहिलं की या आकड्यांचा अर्थ पोटात जाणवतो. धबधब्याचं सगळं पाणी एका अरुंद तोंडातून बाहेर पडतं, तिथे 'बॉइलिंग पॉट' म्हणतात तो घुसळणारा डोह आहे. त्या डोहातून सुटलेली नदी वळून थेट या पुलाखाली येते. वरच्या अंगाला पाहिलं तर तुषारांचा ढग आणि त्यातून मधूनच दिसणारा धबधब्याचा तुकडा. ऊन असेल तर इंद्रधनुष्य हटकून असतं. त्याच पुलावरून एक रेल्वेरूळ, एक रस्ता आणि पायवाट जाते. जड ट्रक एका वेळी एकच सोडतात. तो जवळून जाताना पायाखालची फळी थरथरते, तेव्हा घाबरू नका.

आता तो कसा उभा राहिला ते. इंग्लंडमधल्या डार्लिंग्टनच्या क्लीव्हलँड ब्रिज कंपनीने सगळे भाग तिकडे तयार केले, आपल्या आवारात जोडून पाहिले, सुटे केले, जहाजाने मोझांबिकमधल्या बैरा बंदरात आणले आणि तिथून आगगाडीने घळीच्या काठापर्यंत पोचवले. आराखडा जॉर्ज हॉब्सन यांचा, जागेवरचं काम जॉर्ज इम्बो या फ्रेंच इंजिनिअरच्या हाताखाली. पहिली दोरी अग्निबाणाला बांधून पलीकडे उडवली. तिच्यामागून जाड दोर, मग पोलादी तार, मग त्या तारेवरून माणसं आणि सामान. दोन्ही काठांवरून कमानीचे हात एकमेकांच्या दिशेने वाढवत नेले. १ एप्रिल १९०५ ला ते मधोमध जुळले. १२ सप्टेंबर १९०५ ला उद्घाटन झालं, ते चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव प्राध्यापक जॉर्ज डार्विन यांच्या हस्ते.

ज्यांनी पाहिलाय त्यांनी जरूर भर घाला.

लोहमार्ग

रानजाई, फार आनंद झाला. माझी नोकरी रेल्वेच्या पूल विभागात गेली, त्यामुळे या पुलाबद्दल वाचलंय भरपूर, पाहायचा मात्र राहिलाय.

कमान जुळली त्या प्रसंगाचा तपशील सांगतो. दिवसाच्या शेवटी मधला तुकडा बसवायला गेले तर लोखंड उन्हाने इतकं फुगलेलं की सांध्यात इंचभर जागा कमी पडली. इम्बो साहेबांनी जबरदस्ती केली नाही. रात्रभर थांबले. पहाटे गारव्याने पोलाद आक्रसलं आणि तुकडा बरोबर जागेवर बसला. हे काम ज्यांनी केलंय त्यांना त्या रात्रीची किंमत कळेल. दोन्ही बाजूंचे अर्धे हात तारांनी मागच्या कातळाला बांधलेले, खाली सव्वाशे मीटर पोकळी, आणि करण्यासारखं एकच काम: वाट पाहणं.

घळीत खालून आधाराचे खांब उभारणं शक्यच नव्हतं. म्हणून दोन्हीकडून अधांतरी पुढे सरकायचं, ज्याला आम्ही कॅन्टिलिव्हर पद्धत म्हणतो. बांधकाम चालू असताना प्रत्येक अर्ध्या कमानीचं वजन मागे ओढून धरणाऱ्या तारांवर असतं. कमान जुळली की तेच वजन दोन्ही काठांच्या कातळावर येतं आणि तारा सोडवता येतात. हॉब्सन ज्या डग्लस फॉक्स यांच्या फर्ममध्ये होते, तिथेच तेव्हा राल्फ फ्रीमन नावाचा तरुण इंजिनिअर होता. पुढे सिडनी हार्बर पुलाच्या आराखड्यात त्याचं नाव येतं. दोन्ही पुलांचे फोटो शेजारी ठेवून पाहा.

आणखी एक. मूळ पुलावर रेल्वेचे दोन रूळमार्ग होते, मोटारींसाठी काहीच नव्हतं. १९३० च्या सुमारास वरचा भाग रुंद केला, एक रूळमार्ग काढला आणि रस्ता घातला. म्हणजे आज तुम्ही ज्या रस्त्यावरून चालता तो मूळ पुलाचा भाग नाही. कमान मात्र तीच आहे.

गाडी अजून जाते का त्यावरून?

रानजाई

काका, जाते. मालगाड्या जातात, अगदी सावकाश. शिवाय वाफेच्या इंजिनाची पर्यटकांची गाडी लिव्हिंगस्टनहून संध्याकाळी पुलापर्यंत येते. पहाटेच्या सांध्याची गोष्ट तुमच्या तोंडून ऐकायला फार छान वाटली.

अबोल_मुसाफिर

धागा चांगला आहे, पण एक बाजू राहतेय. हा पूल तिथे का आहे? नदी ओलांडायला वरच्या अंगाला सोप्या जागा होत्या. घळीवरच, धबधब्याचे तुषार डब्यांवर उडतील अशा ठिकाणी पूल हवा, ही ब्रिटिश खाणमालक आणि साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्सची इच्छा. त्याने स्वतः धबधबा कधी पाहिलाच नाही, १९०२ मध्ये तो गेला. केप ते कैरो अशी सलग ब्रिटिश रेल्वे हे त्याचं स्वप्न होतं. ती रेल्वे कधीच पूर्ण झाली नाही. झाली ती खाणींची रेल्वे. दक्षिणेकडून ह्वांगेचा कोळसा वर, उत्तरेकडून कब्वेचं शिसं-जस्त आणि नंतर तांबं खाली. धबधब्याकाठी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लेया लोकांना कुणी विचारलं नाही. पुलाच्या इतिहासात इंग्लिश आणि फ्रेंच इंजिनिअरांची नावं आहेत, ज्या आफ्रिकी मजुरांनी दगड फोडले त्यांची नाहीत.

पूल सुंदर आहे हे मान्य. पण कौतुक करताना हे सांगायलाच हवं असं माझं ठाम मत आहे.

लोहमार्ग

मुसाफिर, तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. आपल्या बोरघाटाच्या कामात किती मजूर पटकीने आणि अपघातांनी गेले, त्यांची तरी नावं कुठे आहेत? पुलाचं काम केलेला माणूस म्हणून मी एवढंच म्हणेन की रिव्हेट मारणाऱ्याचा हात त्या पोलादात आहेच. त्यांना मान द्यायचा तर पूल नीट पाहायला हवा.

रानजाई

मुसाफिर, बरं झालं तुम्ही लिहिलंत. लिव्हिंगस्टन गाव आज जिथे आहे तिथे वसलं तेही या पुलामुळेच. आधीची गोऱ्यांची वस्ती नदीकाठी, 'ओल्ड ड्रिफ्ट' म्हणतात त्या उतारावर होती आणि तिथे मलेरियाने माणसं पटापट मरत. रेल्वे घळीवरून येणार हे ठरल्यावर वस्ती उंचावर हलवली. पुढे १९११ ते १९३५ हीच उत्तर ऱ्होडेशियाची, म्हणजे आजच्या झांबियाची राजधानी. मुख्य रस्त्यावरची जुनी व्हरांड्यांची घरं त्या काळातली आहेत.

आणि ज्यांच्यासाठी पूल बांधला त्यांच्या हातात तो राहिला नाही, ही गोष्ट मला पुलावर उभं राहिल्यावर सगळ्यात जास्त आठवते. १९६४ मध्ये झांबिया स्वतंत्र झाला. १९६५ मध्ये पलीकडे ऱ्होडेशियात (आजच्या झिम्बाब्वेत) इयन स्मिथच्या गोऱ्या सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केलं. झांबियाचं तांबं मात्र याच पुलावरून समुद्राकडे जायचं. म्हणजे ज्या राजवटीला विरोध, तिच्याच रुळांवर पोट अवलंबून. १९७३ मध्ये सीमा बंद झाली. देशाला दुसरी वाट हवी म्हणून दार-ए-सलामपर्यंत टाझारा रेल्वे बांधली गेली, चीनच्या मदतीने, त्याच काळात.

मग ऑगस्ट १९७५. दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फोर्स्टर आणि झांबियाचे राष्ट्राध्यक्ष कौंडा यांनी स्मिथ आणि आफ्रिकी राष्ट्रवादी नेत्यांना बोलणी करायला आणलं. कुठे? या पुलावर. रेल्वेचा डबा बरोबर मध्यावर उभा केला, सीमारेषा डब्यातून जाईल असा. स्मिथ आणि त्यांची माणसं टेबलाच्या ऱ्होडेशियाकडच्या बाजूला, मुझोरेवा, न्कोमो आणि बाकीचे झांबियाकडच्या बाजूला. कुणालाही दुसऱ्याच्या देशात पाऊल टाकायला नको. बोलणी फिसकटली. झिम्बाब्वे स्वतंत्र व्हायला १९८० उजाडलं, आणि मधली वर्षं फार रक्ताची गेली.

आज त्याच मध्यावर बंजी उडीचा मंच आहे. १११ मीटरची उडी. तरुण मुलं रांगेत हसत उभी असतात.

शरणपूर_रोड

मी नाशिकचा. गावाला ज्याचं नाव आहे त्या डेव्हिड लिव्हिंगस्टन या स्कॉटिश मिशनरी-प्रवाशाचा आणि आमच्या नाशिकचा जवळचा संबंध आहे, तो इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

लिव्हिंगस्टनने धबधबा पाहिला नोव्हेंबर १८५५ मध्ये. त्याला तिथे आणणाऱ्या मकोलोलो लोकांना तो अर्थातच आधीपासून ठाऊक होता, 'मोसी-ओआ-टुन्या' हे त्यांचंच नाव. पुढे १८६४ मध्ये लिव्हिंगस्टन 'लेडी न्यासा' ही छोटी आगबोट स्वतः हाकत झांझिबारहून मुंबईला आला. सोबत चुमा आणि सुसी हे दोघे आफ्रिकी तरुण होते. चुमा मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकला, सुसी गोदीत कामाला राहिला. १८६६ च्या जानेवारीत लिव्हिंगस्टन आपल्या शेवटच्या मोहिमेवर निघाला तो मुंबईहूनच, आणि त्याच्याबरोबर नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमधली मुलंही होती.

ही मुलं कोण? अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडली जायची. सुटका झालेल्या आफ्रिकी मुलांना मुंबईला आणून शरणपूरला ठेवत. तिथे ती लिहायला-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकत. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना 'नासिक बॉइज' म्हटलंय. याओ जमातीचा जेकब वेनराइट त्यातलाच. तो नंतर, १८७२ मध्ये पाठवलेल्या मदतीच्या तुकडीतून लिव्हिंगस्टनला जाऊन मिळाला.

१ मे १८७३ ला आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात लिव्हिंगस्टन वारला. चुमा, सुसी आणि साथीदारांनी त्याचं हृदय तिथल्या झाडाखाली पुरलं. अंत्यविधीची प्रार्थना वेनराइटने वाचली, झाडाच्या खोडावर अक्षरंही त्यानेच कोरली. मग देह वाळवून, सालीत गुंडाळून, कित्येक महिने चालत समुद्रकिनाऱ्यावर बागामोयोपर्यंत नेला. एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी नेणाऱ्यांमध्ये जेकब वेनराइट होता. नाशिकला शिकलेला मुलगा!

शरणपूर रोडवरून आम्ही रोज जा-ये करतो. नाशिकच्या किती लोकांना हे माहीत असेल? शाळेत एक धडा तरी असायला हवा होता.

निळी_छत्री

शरणपूर_रोड, अंगावर काटा आला. माझं माहेर नाशिकरोडचं आणि मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

अबोल_मुसाफिर

+१. पाट्यांवर ज्यांची नावं नाहीत त्यांच्याबद्दल मी लिहिलं होतं. वेनराइट, चुमा, सुसी ही नावं सापडली, याचं समाधान आहे.

कातळवेडा

दगडाबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी बोलतो. भूगर्भशास्त्र शिकवतो.

पुलावरून घळीच्या भिंती पाहाल तेव्हा सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला त्या ओळखीच्या वाटतील, कारण तोच काळा बेसाल्ट आहे. आपला दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, झांबेझीचा त्याहून खूप जुना, सुमारे १८ कोटी वर्षांचा. थरावर थर ओतले गेलेले लाव्हाचे प्रवाह, थंड होताना पडलेल्या उभ्या भेगा, सगळं तसंच. फरक असा की तिथे मोठमोठ्या पूर्व-पश्चिम भेगा होत्या आणि त्यांत मऊ गाळाचा खडक भरलेला होता. नदीने तो मऊ भाग कापून काढला. म्हणून धबधबा एका लांबलचक फटीत उडी मारतो, सुमारे १७०० मीटर रुंद आणि शंभरावर मीटर उंच.

खालच्या नागमोडी घळी म्हणजे पूर्वीच्या धबधब्यांच्या जागा. धबधबा मागे मागे सरकत आलाय. पूल ज्या दुसऱ्या घळीवर आहे तिथे एकेकाळी झांबेझी कोसळत होती. म्हणजे तुम्ही पुलावर उभे असता तेव्हा जुन्या धबधब्याच्या कड्यांमधल्या पोकळीवर उभे असता. सरकणं थांबलेलं नाही. झिम्बाब्वेच्या बाजूचा 'डेव्हिल्स कॅटरॅक्ट' बाकीच्या कड्यापेक्षा खाली गेलाय, पुढची घळ तिथून कापली जाते आहे.

बॉइलिंग पॉटकडे उतरणारी वाट झांबियाच्या उद्यानातून आहे. तिथून पूल खालून दिसतो, आणि दगडाचे थरही हाताने चाचपून पाहता येतात.

निळी_छत्री

सर, हे वाचून तर जायचं नक्कीच झालं. आता माझे प्रश्न. बरोबर आई (गुडघे दुखतात) आणि दोन शाळकरी मुलं. कोणता महिना? आईला पूल जमेल? झिम्बाब्वेच्या बाजूला जाणं गरजेचं आहे का?

रानजाई

छत्री, पूल सपाट आहे, आईंना जमेल. चौकीपासून पुलापर्यंत थोडं चालावं लागतं, ते नको असेल तर टॅक्सीवाल्याला विचारून बघ. बॉइलिंग पॉटची वाट मात्र आईंना अजिबात नको. उभ्या दगडी पायऱ्या, ओल्या, आणि चढून परत यायचं असतं. पाणी जास्त असलं की ती वाट बंदही ठेवतात. उद्यानातला 'नाइफ एज' हा पादचारी पूलही भरपूर पाण्याच्या दिवसांत पावसासारखा भिजलेला असतो, आईंचा हात धरून ठेव.

महिन्याचं असं आहे. पाणी सगळ्यात जास्त एप्रिलच्या आसपास. तेव्हा गर्जना भयंकर, पण तुषारांमुळे समोरचं काही दिसत नाही, पुलावरही भिजायला होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झांबियाच्या बाजूचा कडा जवळजवळ कोरडा पडतो आणि उकाडा असह्य असतो. तुमच्या उन्हाळी सुट्टीच्या शेवटी, जूनमध्ये आलात तर उत्तम. हवा थंड, पाणी भरपूर, पूल स्पष्ट दिसतो. सकाळ-संध्याकाळ स्वेटर लागेल.

झिम्बाब्वेची बाजू जमल्यास जरूर करा, धबधब्याचा मोठा भाग तिकडून समोर दिसतो. १९०४ पासूनचं व्हिक्टोरिया फॉल्स हॉटेल तिकडे आहे, त्याच्या गच्चीवर चहा घेत बसलं की हिरवळीपलीकडे पूल दिसतो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी पूल पाहायची याहून चांगली जागा नाही. त्यासाठी दोन्ही देशांचा व्हिसा लागेल. 'काझा युनिव्हिसा' हा दोन्हींना मिळून चालतो, पण नियम बदलतात, तिकिटं काढण्याआधी दूतावासाच्या पानावर बघ. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारून ये, हे टाळू नकोस.

मुलांच्या हातात खाऊ देऊ नकोस. बबून माकडं चौकीच्या आसपास टपलेली असतात, पिशवी हिसकावतात. पुलावर तांब्याची कडी आणि झिम्बाब्वेच्या जुन्या अब्जावधींच्या नोटा विकणारी मुलं मागे लागतील. घ्यायचं नसेल तर हसून नाही म्हणायचं, आणि घ्यायचं असेल तर फार घासाघीस करू नका. त्यांचं घर त्यावर चालतं.

झुंबर

काझुंगुलाचा नवा पूल कुणी पाहिलाय का? पूलवेड्यांनी तोही बघावा. लिव्हिंगस्टनपासून पश्चिमेला तासाभरावर, झांबिया आणि बोट्स्वाना यांच्यामध्ये, झांबेझीवरच. १० मे २०२१ ला खुला झाला, ९२३ मीटर लांब. नकाशात सरळ जायला जागा होती, पण झिम्बाब्वेची हद्द टाळण्यासाठी तो वळवून बांधलाय. आधी तिथे तराफ्यावरून ट्रक न्यायचे, रांगेत कित्येक दिवस जायचे. आता जड वाहतूक बरीच तिकडे गेलीये, त्यामुळे १९०५ च्या कमानीवरचा ताण कमी झाला असणार. बोट्स्वानातल्या चोबे राष्ट्रीय उद्यानाला जाणार असाल तर वाटेतच आहे.

लोहमार्ग

झुंबर, ही माहिती नवीन आणि मोलाची. जुन्या पुलाचं आयुष्य वाढवायचं तर भार कमी करणं हाच सगळ्यात चांगला उपाय.

रानजाई, माझं आणि बायकोचं पुढच्या वर्षी यायचं ठरतंय. पुलाच्या पोटातून, म्हणजे कमानीच्या खालच्या भागातून फिरवतात असं वाचलं होतं. खरं आहे का? आणि रेल्वेचं काही संग्रहालय?

रानजाई

काका, खरं आहे. कमरेला पट्टा आणि सुरक्षादोर बांधून पुलाखालच्या फळ्यांवरून मार्गदर्शक घेऊन जातात आणि वाटेत बांधकामाची कथा सांगतात. तुम्हाला रिव्हेट हातभर अंतरावर दिसतील. त्यासाठी नाव पुलाच्या झांबियाकडच्या टोकाला असलेल्या कॅफेजवळ नोंदवता येतं, आदल्या दिवशी विचारून ठेवलेलं बरं.

रेल्वे संग्रहालय गावात आहे, झांबेझी सॉ मिल्सच्या जुन्या जागेवर. मुलोबेझीच्या जंगलातून 'झांबेझी टीक' म्हणतात ते लाकूड आणणारी त्यांची स्वतःची रेल्वे होती, तिची इंजिनं तिथे उभी आहेत. काही गंजलेली आहेत, पण तुम्ही तिथून लवकर हलणार नाही हे नक्की. मुख्य रस्त्यावरच्या लिव्हिंगस्टन म्युझियममध्ये लिव्हिंगस्टनची पत्रं आणि वस्तू आहेत, ते शरणपूर_रोड यांनी सांगितलेल्या गोष्टीसाठी बघा.

येण्याची तारीख ठरवताना पौर्णिमा धरा. त्या रात्रींना उद्यान उशिरापर्यंत उघडं ठेवतात आणि भरपूर पाण्याच्या महिन्यांत चंद्रप्रकाशात इंद्रधनुष्य पडतं. लुसाकाहून येणार असाल तर आमच्याकडे मुक्काम करा, बसचं बघून ठेवते.